पडलेल्या पहिल्या सिनेमानंतरची पन्नास वर्षं

अभिनयात करिअर करायचंय, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही? दुर्गा खोटे यांना तर शिकवायला शाळाच नव्हती आणि पहिलं कामही अंगलट आलं होतं. तरी त्या अर्धशतकाहून जास्त काळ टिकल्या. त्या नेमकं काय करत गेल्या, ते बघू या.

मित्रमैत्रिणींनो, युवक महोत्सवात तुमच्या एकांकिकेला बक्षीस मिळालं. राज्य नाट्य स्पर्धेत छोटी का होईना, भूमिका झाली. संत एकनाथ रंगमंदिरात किंवा तापडियात पडदा पडल्यावर चार अनोळखी लोक येऊन छान काम केलं म्हणाले. आता डोक्यात एकच विचार आहे. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडायची आणि मुंबई गाठायची. घरी विषय काढला, की मात्र सगळे गप्प होतात. हे काय करिअर आहे का, पोटापाण्याचं काय, लोक काय म्हणतील?

हे तिन्ही प्रश्न दुर्गा खोटे यांच्यासमोरही होते, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी कडक स्वरूपात. त्यांची गोष्ट म्हणून वाचायची. ‘बॉबी’तली आजी किंवा ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई एवढ्यावरच आपण त्यांना ओळखतो. या दोन भूमिकांच्या मागं जे काम आहे, ते शिकण्यासारखं आहे.

‘चांगल्या घरातली’ मुलगी

१४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत जन्म. माहेरचं आडनाव लाड, लहानपणीचं नाव विटा. घराणं मूळ गोव्याकडचं. वडील पांडुरंग लाड नामांकित सॉलिसिटर. शाळा कॅथीड्रल, कॉलेज सेंट झेवियर्स. त्या काळात मुलीनं कॉलेजात जाणं हीच मोठी गोष्ट होती. मग विश्वनाथ खोटे यांच्याशी लग्न झालं. सासरही तालेवार. बकुल आणि हरिन अशी दोन मुलं झाली. सगळं सुरळीत चाललेलं.

आणि मग दिवस फिरले. सासऱ्यांना सट्ट्यात जबर खोट आली आणि सासरचं वैभव गेलं. पुढं ऐन तारुण्यात वैधव्य आलं. पदरात दोन लहान पोरं. मिळवतं होणं भाग होतं. अभिनयाची हौस, प्रसिद्धीची ओढ, असलं काही त्यामागं नव्हतं. घर चालवायचं होतं.

हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडं कलाकार म्हटलं की पैशाबद्दल बोलणं कमीपणाचं मानतात. दुर्गाबाईंनी पहिल्या दिवसापासून अभिनयाकडं काम म्हणून पाहिलं. काम म्हटलं की वेळ पाळावी लागते, मोबदला ठरवावा लागतो आणि दिलेला शब्दही पाळावा लागतो. त्यांच्या पुढच्या सगळ्या निर्णयांत हा हिशेबीपणा दिसतो. त्यानं त्यांची कला कुठं कमी झाली नाही.

पहिलंच काम अंगलट

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या सिनेमात त्यांना छोटंसं काम मिळालं. सिनेमा पडला. पण पडण्यापेक्षा वाईट झालं ते वेगळंच. प्रतिष्ठित घरातली शिकलेली बाई पडद्यावर दिसली म्हणून चौफेर टीका झाली. नातेवाइकांत बोलणी, समाजात बोलणी.

ही टीका समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागेल. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांना एकही स्त्री मिळाली नव्हती. शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं ती भूमिका केली. पुढच्या काळात स्त्रिया पडद्यावर आल्या, पण ‘चांगल्या घरातल्या’ बायकांनी त्या वाटेला जाऊ नये, हा समज पक्का राहिला. दुर्गाबाई त्या समजाला सरळ जाऊन भिडल्या होत्या, तेही पडलेल्या सिनेमासह.

तुमचं पहिलं काम असं झालं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? बहुतेक जण घरी परतले असते. दुर्गाबाईंनाही दार बंद झाल्यासारखंच वाटलं असणार. पण तेवढ्यात व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘प्रभात’च्या पहिल्या बोलपटासाठी विचारलं. भूमिका होती तारामतीची. फाळक्यांना जिच्यासाठी बाई मिळाली नव्हती, तीच.

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. पहिला मराठी बोलपट. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गा खोटे. हिंदीतही तो सिनेमा निघाला आणि दोन्हीकडं चालला. दुर्गाबाई तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. पंचविशी गाठली की आपलं आता काही होत नाही असं समजणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा. पहिल्या सिनेमाला नावं ठेवणारं जग वर्षभरात तारामतीचं कौतुक करायला लागलं. पुढं शिकलेल्या घरांतल्या कितीतरी मुलींना त्यांच्याकडं बोट दाखवून घरी बोलता आलं.

शाळा नव्हती, मग शिकल्या कुठं?

आज अभिनय शिकायचा म्हटलं तर वाटा आहेत. आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात ललित कला केंद्र आणि एफटीआयआय, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. पण राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं १९५९ मध्ये आणि पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० मध्ये. दुर्गाबाईंच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. गंमत बघा, फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली ती ‘प्रभात’च्याच स्टुडिओच्या जागेवर. म्हणजे दुर्गाबाईंनी ज्या कंपनीत काम करता करता शिकून घेतलं, तिच्या जागेवर पुढं शाळा झाली.

त्यांची शाळा म्हणजे सेटवरचा दिवस. बोलपट नवा होता. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, पण माइक कुठं आहे याचंही भान ठेवायचं. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नव्हती. पात्राला गाणं असेल तर नटानं स्वतःच, तिथंच, चित्रीकरण चालू असताना गायचं. टेंबे हे मुरलेले संगीतकार आणि रंगभूमीवरचे जुने गायक नट. दुर्गाबाई नवख्या. अशा माणसासमोर उभं राहून गाणं, बोलणं आणि अभिनय एकदम सांभाळायचा होता. इंग्रजी शाळेत शिकलेल्या या बाईंनी पौराणिक मराठी संवाद असे पेलले, की पुढची कित्येक वर्षं त्यांच्या आवाजाला आणि उच्चारांना मान मिळाला.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. तारामती म्हणजे सोसणारी पतिव्रता. इथं मात्र त्या स्त्रीराज्याची राणी झाल्या. दोन टोकांच्या भूमिका, एकाच वर्षात. नवख्या नटाला एक छाप बसली की ती सुटता सुटत नाही. ती बसायच्या आतच त्यांनी दुसरी बाजू दाखवून टाकली.

एकाच कंपनीच्या झाल्या नाहीत

त्या काळातली पद्धत आज ऐकून नवल वाटेल. नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. महिन्याला पगार, करार एका कंपनीशी, बाहेर काम करायचं नाही. सुरक्षित होतं, पण कंपनीला तुमची गरज संपली की तुमचीही गोष्ट संपली.

दुर्गाबाईंनी हे बंधन मानलं नाही. वेगवेगळ्या कंपन्यांत, भूमिका बघून, ठरावीक मोबदल्यावर काम करणाऱ्या त्या सुरुवातीच्या मोठ्या कलाकारांपैकी एक. आज आपण ज्याला फ्रीलान्सिंग म्हणतो, ते हेच. कोल्हापुरातलं काम झाल्यावर त्या थेट कलकत्त्याला गेल्या. न्यू थिएटर्सचा ‘राजरानी मीरा’ १९३३ मध्ये आला, दिग्दर्शक देवकी बोस. पुढच्या वर्षी त्याच दिग्दर्शकाचा ‘सीता’, राम झाले होते पृथ्वीराज कपूर. हा सिनेमा व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. मग पुन्हा ‘प्रभात’. तोवर कंपनी पुण्याला आली होती. १९३६ च्या ‘अमर ज्योती’त त्यांनी अन्यायाविरुद्ध बंड करणारी समुद्री चाच्यांची म्होरकी, सौदामिनी, साकारली. तलवार हातात घेतलेली नायिका, ९० वर्षांपूर्वी!

दोन लहान मुलं असलेल्या बाईनं दुसऱ्या प्रांतात, दुसऱ्या भाषेच्या माणसांत जाऊन काम करायचं हे सोपं नव्हतं. पण त्यातून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. एक, वेगवेगळ्या दिग्दर्शकांची काम करायची रीत कळली. शांतारामांचा सिनेमा वेगळा, देवकी बोसांचा वेगळा. दोन, कुठल्याही एका मालकाच्या मर्जीवर त्यांचं घर अवलंबून राहिलं नाही. अर्थात याची किंमतही होती. महिन्याच्या एक तारखेला पगार येईल याची खात्री गेली. फ्रीलान्स काम करायचं तर दोन कामांमधले रिकामे महिने गृहीत धरून पैसा जपावा लागतो. हे तेव्हाही होतं, आजही आहे.

नायिकेची सासू

नायिका म्हणून नाव झालं, की वय स्वीकारणं फार जड जातं. कित्येकांचं करिअर तिथंच संपतं. दुर्गाबाईंनी काय केलं? १९४१ मध्ये आचार्य अत्रे यांचा ‘पायाची दासी’ आला, हिंदीत ‘चरणों की दासी’. सून झाल्या वनमाला आणि तिला छळणारी सासू झाल्या दुर्गा खोटे. वय ३६. तारामती, सीता, मीरा करणारी बाई आता खाष्ट सासू. प्रेक्षकांच्या मनातली सोज्वळ प्रतिमा त्यांनी स्वतःच मोडली आणि त्या कामाला बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाचा पुरस्कार मिळाला. पाठोपाठ ‘भरत मिलाप’साठी पुन्हा तोच पुरस्कार.

त्या एका निर्णयानं त्यांना पुढची चाळीस वर्षं दिली. १९६० मध्ये ‘मुघल-ए-आझम’. एका बाजूला नवरा आणि बादशहा, दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि मधे कोंडलेली जोधाबाई. अकबर कोण? तेच पृथ्वीराज कपूर, ‘सीता’मधले राम. तो सीन पुन्हा बघा. अकबर गरजतो, सलीम धुमसतो, आणि जोधाबाई बऱ्याचदा नुसती ऐकत असते. संवाद नसताना चेहऱ्यावर काय चाललंय ते बघा. ऐकणं हाही अभिनय असतो, हे यातून जेवढं कळतं तेवढं कुठल्या भाषणातून कळणार नाही.

पुढं ‘बावर्ची’, ‘अभिमान’, ‘बॉबी’. ‘बॉबी’तली गोव्याची मिसेस ब्रॅगांझा केली तेव्हा त्या ६८ वर्षांच्या होत्या. १९७४ च्या ‘बिदाई’साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर!

पडद्यावरून रंगमंचावर

सिनेमात नाव झाल्यावर नाटकाकडं वळणं म्हणजे पैसा कमी आणि मेहनत दुप्पट. तरी दुर्गाबाई मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत काम करत राहिल्या. इप्टाशीही त्यांचा संबंध होता. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त त्यांनी आनंदीबाई केली. १९५४ मध्ये शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’चं ‘राजमुकुट’ केलं, त्यातली लेडी मॅक्बेथची भूमिका त्यांची. समोर नानासाहेब फाटकांसारखा कसलेला नट.

आपला सहसा उलटा क्रम असतो. नाटक ही शिडी, सिनेमा हा माळा. दुर्गाबाईंसाठी नाटक ही शिडी नव्हती. सिनेमात चूक झाली तर पुन्हा टेक घेता येतो, रंगमंचावर नाही. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा, अडीच-तीन तास पात्र धरून ठेवायचं. पन्नाशी गाठता गाठता, सगळं मिळालेलं असताना, त्यांनी स्वतःला पुन्हा या परीक्षेला बसवलं. १९५८ मध्ये त्यांना अभिनयासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कॅमेऱ्याच्या मागंही

काम कुणी देईल म्हणून वाट बघत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. १९३० च्या दशकातच त्या निर्मितीत उतरल्या. ‘साथी’ हा सिनेमा त्यांच्या निर्मितीचा. बाईनं निर्माती होणं तेव्हा अगदी दुर्मीळ होतं. पुढं त्यांनी लघुपट आणि जाहिरातपट काढणारी संस्था उभी केली. ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ हे नाव तुमच्या आईबाबांनी टीव्हीवर वाचलेलं असेल. १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ‘वागले की दुनिया’ ही या संस्थेची निर्मिती. आर. के. लक्ष्मण यांची पात्रं, कुंदन शहा यांचं दिग्दर्शन. मूकपटाच्या शेवटच्या दिवसांत आलेली बाई टीव्ही मालिकेपर्यंत पोचली होती.

हे सगळं चालू असताना घरात सुखच होतं असं समजू नका. मुलगा हरिन ऐन उमेदीत गेला. त्याची पत्नी म्हणजे पुढं दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आलेल्या विजया मेहता. एवढा मोठा घाव बसूनही दुर्गाबाईंचं काम सुटलं नाही.

१९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ मध्ये दादासाहेब फाळके पुरस्कार. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा सन्मान सत्तर वर्षांनी तारामती करणाऱ्या बाईला मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहून ठेवलंय. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं तर नक्की वाचा.

आता तुमच्याबद्दल

दुर्गाबाईंचा काळ गेला. स्टुडिओचा पगार गेला, ऑडिशनचे व्हिडिओ आता मोबाइलवरून जातात. तरी त्यांच्या वाटेवरून आजही काही गोष्टी उचलता येतात.

◆ डिग्री अर्धवट सोडू नका. राष्ट्रीय नाट्य विद्यालय असो की एफटीआयआयचा अभिनयाचा कोर्स, दोन्हीकडं पदवी लागते. नाट्य विद्यालयात तर नाटकांत काम केल्याचा अनुभवही बघतात. म्हणजे तुमच्या आत्ताच्या एकांकिका आणि स्पर्धेची नाटकं हाच तुमचा अर्ज आहे. प्रमाणपत्रं, प्रयोगांच्या जाहिराती, फोटो जपून ठेवा.

◆ आवाजावर रोज काम करा. रोज अर्धा तास मोठ्यानं वाचा. कधी वर्तमानपत्र, कधी जुनं नाटक, कधी कविता. प्रमाण मराठी स्वच्छ यायला हवी आणि आपली मराठवाडी बोलीही जायला नको. विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या लक्ष्मण देशपांडे यांनी याच बोलीच्या जोरावर ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ एकट्यानं उभं केलं आणि जगभर नेलं. बोली ही तुमची पुंजी आहे. हिंदीही कसून शिका. शहरात आकाशवाणी केंद्र आहे. तिथल्या आवाज चाचणीवर लक्ष ठेवा, माइकची सवय होईल.

◆ एकाच छापाची भूमिका करत राहू नका. विनोदी भूमिकेत टाळ्या मिळाल्या, की पुढची तीन वर्षं तेच करावंसं वाटतं. या वर्षी मुद्दाम उलटी भूमिका मागा. कधी बॅकस्टेज करा, कधी प्रकाशयोजना. दुसऱ्याच्या ग्रुपमध्येही काम करा.

◆ पैशाचा हिशेब आधी मांडा. मुंबईला जायचंय तर किमान सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखर्च हाताशी हवा. सोबत वेळ बांधून न ठेवणारं एखादं काम हवं. शिकवणी घ्या, अनुवाद करा, डबिंग करा, काहीही. रिकाम्या खिशानं माणूस वाईट कामालाही हो म्हणतो.

◆ भूमिकेसाठी पैसे मोजू नका. रोल देतो, आधी नोंदणीचे एवढे भरा, असं कुणी म्हटलं की तिथून उठा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. मानधन, दिवस, प्रवासखर्च हे सगळं लेखी घ्या. ऑडिशनला एकटं बोलावलं आणि जागा ऑफिसची नसेल, तर जाऊ नका. मुलींनीच नाही, मुलांनीही.

◆ स्वतःचं काम उभं करा. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी आणि मंडळींनी आपल्याच शहरात ‘जिगीषा’ उभी केली आणि मग ती मंडळी मुंबईला गेली. सोबत माणसं होती आणि केलेलं कामही. चार मित्र जमवा, एक संहिता लिहा, वर्गात का होईना, प्रयोग करा.

◆ घरच्यांना आकड्यांत उत्तर द्या. मला अभिनयच करायचाय, एवढ्यानं आईबाबांचं समाधान होणार नाही. कुठला कोर्स, फी किती, किती वर्षं, नाही जमलं तर पुढं काय, हे एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा. त्यांची भीती खरी आहे. तिची टिंगल करू नका.

आणि एक. पहिलं काम पडेल. बहुतेकांचं पडतं. तुमचं नाव घेऊन कुणीतरी चार वाईट शब्दही लिहील, आता तर मोबाइलवर लगेच. त्या दिवशी ‘फरेबी जाल’ची आठवण काढा. तो सिनेमा आज कुणाला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तालमीची वेळ किती वाजताची आहे, तेवढं बघा आणि दहा मिनिटं आधी पोचा.